ओल्या दिवशीच ये

ओनोफ्रे चिग्वाय गाडी आणायचा ती नेमकी उघडीप असताना,
आणि गाडी एका किकमध्ये सुरू.
शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर शहाण्या होणाऱ्या पोरासारखी
गुमान धडधडत उभी.
मी विचारायचे, काय होतंय हिला?
तो म्हणायचा, आज काही नाही.

केम्चीत उघडीप म्हणजे वर्षातले मोजके दिवस.
बाकी पाऊस. उभा, आडवा, समुद्राकडून आलेला,
कधी पडायचंही विसरून नुसता हवेत लोंबकळणारा.

आधी मी प्लग बदलला.
बाबा म्हणायचे, दहातली आठ दुखणी प्लगची,
उरलेली दोन मालकाची.
मग कार्बोरेटर उघडला. तळच्या वाटीत
पेट्रोलखाली पाण्याचा एक थेंब, मण्यासारखा लोळत होता.
सापडला, मी म्हणाले, आणि बिल केलं.
आठ दिवसांनी तेनाऊनच्या त्याच चढावरून
गाडी ढकलत आला.
चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी.

टाकीच्या झाकणाचं भोक. किल स्विच. हवेचा फिल्टर.
सगळे निर्दोष सुटले.

शेवटी म्हटलं, हे बघ,
ताप उतरल्यावर डॉक्टरकडे येऊ नकोस.
ओल्या दिवशीच ये. रात्री ये.

आला. जूनमधला गुरुवार, वाटेत दोनदा बंद पडून.
मी शेडचं दार लावलं, चुलीची झडप लोटली, दिवा मालवला.
आईचा इस्त्रीच्या वेळचा फवारा हातात.
इंजिन चालू. दिसत काहीच नाही, नुसता आवाज
आणि ओल्या लोकरीचा वास.
फुस्. फुस्.
मग दिसलं.

प्लगच्या टोपीला, मानेशी, केसाएवढी चीर.
तिथून एक किडकिडीत निळी ठिणगी बाहेर पडून
इंजिनच्या अंगावरून खाली उतरत होती,
पुन्हा, पुन्हा,
कामावर निघून मधेच खानावळीत शिरणाऱ्या माणसासारखी.
ओला रस्ता सोपा. वीजसुद्धा चढण टाळते.
इंजिन अडखळलं, खोकलं, गेलं.

अंधारात दोघंही गप्प.
मग ओनोफ्रे हसला. बावीस वर्षं
घरोघरचे विजेचे मीटर वाचतोय,
आणि गळती ह्याच्याच मांड्यांमध्ये!

आणि मी दिवा लावायच्या आत म्हणाला:
तेनाऊनच्या पुढे एक घर आहे, एर्मेलिंडा बाईंचं.
नवऱ्यासाठी रात्रभर श्वासाचं यंत्र चालतं.
मीटरचं चक्र हलत नाही.
खांबावरून, मीटरला वळसा घालून
छपराखालून एक वायर जाते.
सांध्यावर प्लास्टिकची पिशवी, पाऊस लागू नये म्हणून.
पक्की बांधलेली, तो म्हणाला.
मीच बांधली, गेल्या वर्षी. त्यांना माहीत नाही.

मी हे ऐकलं नाही असं ठरवलं.
दिवा लावला.
नवी टोपी. वायरचं टोक बोटभर कापलं,
आतली तांब्याची तार अजून लाल होती, ताजी.
थोडं ग्रीस. सिलिंडरवरचं पाणी निघायचं भोक
चिखलानं बुजलं होतं, ते सायकलच्या तारेनं मोकळं केलं.
काम दहा मिनिटांचं. आम्हाला दहा महिने लागले.

जुनी टोपी माझ्या खिळ्यांच्या डब्यात आहे.
दिवसा चीर दिसत नाही.
नखाला लागते, तीही कधीमधी.

आता पाऊस असला की तो दुकानासमोर हॉर्न देतो,
थांबत नाही.
चढावर आवाज जाड होतो.
मी पाना हातात तसाच धरून ऐकते.
अजून चालू. अजून चालू.
उतार लागला.